१९७१ ची सी-१०, मूळ एएम रेडिओ आणि फोनवरचे अभंग: डॅश न कापता कसं जमवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सॅन अँटोनियोत एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून १९७१ ची शेव्हरोलेट सी-१० पिकअप घेतली, डॅशमध्ये कंपनीचा डेल्को एएम रेडिओ आहे, तो चालू आहे पण खरखरतो, तुम्हाला फोनवरून नाट्यगीतं आणि अभंग ऐकायचेत, आणि घरून ताकीद आहे की डॅश कापलात तर बघा. दोन दुकानांत विचारलंत, एकाने सांगितलं रेडिओ काढून टाका, दुसऱ्याने सांगितलं पुढचा चेहरा ठेवू, आतलं फेकू. तिसरा रस्ता आहे का?

आहे. आणि घरची ताकीद शंभर टक्के बरोबर आहे, ते आधी सांगतो. माझं आयुष्य रेडिओ उघडण्यात गेलंय, आधी मिरजेत एका छोट्या दुकानात, मग इकडे डॅलसच्या बाजूला, आणि या ६७ ते ७२ च्या पिकअपचे डॅश मी इतके कापलेले बघितलेत की न कापलेला दिसला की हात लावून बघावंसं वाटतं. ऐंशी-नव्वदच्या दशकात लोकांनी कॅसेट प्लेयर बसवायला दोन बारीक दांड्यांच्या भोकांच्या जागी मोठी चौकोनी खिडकी पाडली, आता तेच लोक नवीन पत्रा वेल्ड करून घेतात आणि कापायला लागले त्याच्या कितीतरी पट पैसे भरतात.

माझं मत सरळ आहे. मूळ रेडिओ ठेवायचा तर रेडिओ म्हणून ठेवा, मुखवटा म्हणून नको. त्याची वायर, त्याचा स्पीकर, त्याची अँटेना हे सगळं त्याचं त्याला राहू द्या, आणि नवीन सिस्टीम शेजारी वेगळी उभी करा, म्हणजे उद्या कुणाला सगळं काढावंसं वाटलं तर अर्ध्या दिवसात गाडी जशी होती तशी. एका रेडिओकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलं की दोन्ही अर्धवट होतात.

आतलं फेकून नवीन बोर्ड घालण्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्या पद्धतीत एएम-एफएम, ब्लूटूथ, चार चॅनलचा आवाज सगळं त्याच बटणांवर येतं, काम नीट झालं तर छान चालतं, काहीशे डॉलर लागतात आणि रेडिओ पोस्टाने पाठवून थांबावं लागतं. ज्याचा रेडिओ आतून पूर्ण मेलाय, गंजलाय, त्याने हेच करावं. पण तुमचा बोलतोय ना! बोलणाऱ्याचा गळा कशाला कापायचा.

आणखी एक, बरेच जण पहिल्यांदा हेच करतात म्हणून सांगतो, सिगारेट लायटरमध्ये घालायचा तो एफएम ट्रान्समीटर घेऊ नका. तुमचा रेडिओ फक्त एएम आहे, त्याला एफएम ऐकूच येत नाही. माझ्याकडे एक जण तो ट्रान्समीटर "खराब निघाला" म्हणून घेऊन आला होता, मी काय बोलणार.

आता आधी त्या जुन्या रेडिओची प्रकृती बघू, कारण तो नीट नसेल तर त्याला ठेवण्यात मजा नाही.

हे डेल्कोचे रेडिओ इंडियाना राज्यातल्या कोकोमोला बनायचे. तुमच्या साली आत काचेच्या नळ्या (व्हॉल्व्ह) नाहीत, सगळे ट्रान्झिस्टर. शेवटचा आवाजाचा ट्रान्झिस्टर जर्मेनियमचा, मोठा, मागच्या हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवर) बसवलेला, आणि तो एकटाच क्लास-ए मध्ये, म्हणजे सतत पूर्ण चालू राहून, चालतो. म्हणजे गाणं असो नसो, तो साधारण एक अँपिअर खात बसतो आणि गरम होतो. हात लावून गरम लागला म्हणून घाबरू नका, कोमटच्या थोडं पुढे हे त्याचं रोजचं आहे. आता महत्त्वाचं. हा ट्रान्झिस्टर स्पीकरशिवाय चालवायचा नाही. स्पीकरची पिन काढून "बघू चालू होतो का" असं केलंत आणि आवाजाचं बटण फिरवलंत, तर आउटपुटच्या कॉइलवर व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्झिस्टर जातो. दुसरं, याला लागतो १० ओहमचा स्पीकर. दुकानात मिळणारे बहुतेक कार स्पीकर ४ ओहमचे. ४ चा लावला की आवाज फाटतो, ट्रान्झिस्टरवर ताण येतो, आणि आत एक बारीक रेझिस्टर असतो जो फ्यूजचं काम करतो तो तरी उडतो नाहीतर ट्रान्झिस्टर तरी. या गाड्यांत मधोमध डॅशच्या वरच्या अंगाला ४ बाय १० इंची एकच स्पीकर असतो. त्याचा कागद पन्नास वर्षं टेक्सासचं ऊन खातोय, फाटला असणारच. तो १० ओहममध्ये नवीन मिळतो किंवा जुन्यालाच नवीन कोन बसवून मिळतो, मला दुसरं जास्त आवडतं पण ते चोचले झाले.

खरखर म्हणाल तर दोन प्रकारची असते. बटण फिरवताना होते ती व्हॉल्यूम पॉटमधली (आवाज कमीजास्त करणाऱ्या फिरत्या भागातली) घाण, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वीस-तीसदा पुढेमागे फिरवा, जाते. सतत गुंई वाजतं, आवाज बारीक येतो, गरम झाल्यावर फाटतो, ते इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकल्याचं लक्षण. ते पन्नास वर्षांत सुकतातच, त्यात कुणाचा दोष नाही. बदलायचे ते तेवढेच. छोटे सिरॅमिक चकतीसारखे कपॅसिटर असतात त्यांना हात लावू नका, ते आपल्यापेक्षा जास्त जगतील. काही उत्साही मंडळी सगळंच्या सगळं बदलत सुटतात आणि मग अलाइनमेंट, म्हणजे स्टेशन पकडण्याची आतली जुळणी, बिघडवून माझ्याकडे आणतात.

टेबलावर तपासताना साध्या बॅटरी चार्जरवर लावू नका, त्यातून स्वच्छ डीसी येत नाही. करंट लिमिट असलेली पॉवर सप्लाय घ्या, नाहीतर सरळ गाडीची बॅटरी आणि मध्ये २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज.

अँटेना! यावर कुणी बोलतच नाही. एएमसाठी अँटेनाची केबल वेगळी असते, आतली तार केसासारखी बारीक आणि भोवती बरीच हवा, म्हणजे कपॅसिटन्स कमी. ती तुटली म्हणून घरातली टीव्हीची केबल जोडणारे लोक मी बघितलेत, त्यांना स्टेशन येत नाही आणि दोष रेडिओला. रेडिओच्या बाजूला अँटेनाच्या सॉकेटजवळ एक छोटा स्क्रू असतो, ट्रिमर. अँटेना पूर्ण उंच करा, १४०० किलोहर्ट्झच्या आसपास एखादं अगदी क्षीण स्टेशन लावा, आणि तो स्क्रू हळूहळू फिरवून आवाज सर्वात मोठा कुठे होतो ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे. अँटेनाचा पाया फेंडरच्या पत्र्याला नीट चिकटलाय का, खाली गंज किंवा रंगाचा थर नाही ना, हेही मीटर लावून बघा.

एवढं केलं की तुम्हाला कळेल हा रेडिओ काय चीज आहे. फोर्ट वर्थचं डब्ल्यूबीएपी ८२० वर आहे, ५० किलोवॅट, रात्री अर्धा देश ऐकतो. आणि रात्री नॅशव्हिलचं डब्ल्यूएसएम, ६५०, तेही ५० किलोवॅट, शनिवारी रात्री त्यांचा ग्रँड ओल ऑप्री हा कंट्री संगीताचा कार्यक्रम चालू असतो तो इकडे टेक्सासात जुन्या डेल्कोवर ऐकताना मला आमच्या घरातल्या मर्फी रेडिओची आठवण येते, दोन स्टेशनांच्या मधली ती शीळ, आवाज मंद होऊन परत येणं. २०२३ मध्ये फोर्डने नव्या गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं होतं, ओरड झाली आणि मे महिन्यात माघार घेतली. तर सांगायचा मुद्दा, एएम अजून जिवंत आहे, रेडिओ नुसता शोभेला ठेवताय असं समजू नका.

आता नवीन सिस्टीम.

आधी जागा, कारण तुमच्या गाडीत जागेचा एक मोठा घोळ आहे जो दुकानदार सांगत नाहीत. ६७ ते ७२ च्या या पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे असते. साधारण वीस गॅलन पेट्रोल तुमच्या पाठीशी. ७३ च्या मॉडेलपासून ती बाहेर चेसिसला गेली. त्यामुळे इंटरनेटवर "सीटमागे सबवूफरचा (फक्त खोल बेसच्या स्पीकरचा) डबा बसवा, अँप (अँप्लिफायर) मागच्या भिंतीला ठोका" असं वाचाल ते ज्यांनी टाकी हलवलीय त्यांचं आहे. तुमच्याकडे टाकी आतच असेल तर मागच्या भिंतीत ड्रिल नाही, सीटमागे अँप नाही, टाकीला घासून पॉवरची वायर नाही. हे तीनदा वाचा. केबिनमध्ये पेट्रोलचा वास येत असेल तर सगळं थांबवून आधी टाकीच्या नळ्या आणि वरच्या सेंडरचं (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या भागाचं) रबर बदला, गाण्याचं नंतर बघू.

मग उरतं काय? सीटखाली आणि किक पॅनल, म्हणजे पायांच्या बाजूला डॅशखाली दोन्हीकडे जो पत्रा असतो तो. तिथे ६.५ इंची स्पीकर बसवायचे तयार प्लास्टिकचे पॉड या गाडीसाठी मिळतात, मूळच्या स्क्रूंवर बसतात, नवीन भोक नाही. दरवाजे कापू नका, मूळ दरवाज्यात स्पीकरची जागाच नव्हती. पण पॉड घेताना बघा, या गाड्यांत किक पॅनलला बाहेरच्या हवेची झडप असते, खाली दोरी ओढून उघडायची. पॉडने ती झाकली तर उन्हाळ्यात रडाल, आणि झडपेचं रबर गेलं असेल तर पावसाचं पाणी सरळ स्पीकरच्या मागे. वायपरच्या खालच्या काउलमधून (काचेपुढच्या पत्र्यातून) पाणी गळणं हा या गाड्यांचा खानदानी आजार आहे. म्हणून पॉड बसवायच्या आधी पाण्याची नळी घेऊन काचेवर दहा मिनिटं पाणी मारा आणि कुणाला तरी आत पायाशी टॉर्च घेऊन बसवा.

किक पॅनलचा फायदा असा की दोन्ही स्पीकर तुमच्यापासून लांब आणि जवळपास सारख्या अंतरावर येतात, बेंच सीटवर बसलेल्याला गाणारा समोर बसलाय असं वाटतं. तुम्हाला नाट्यगीतं ऐकायचीत, म्हणजे सगळा जीव मधल्या स्वरांत आहे, गळा, हार्मोनियम, तंबोरा. छाती हलवणारा बेस तुम्हाला लागत नाही. पखवाजाची थाप नीट यावी एवढाच. त्यासाठी सीटखाली बसणारा चपटा आठ इंची सब, ज्याच्या आतच अँप असतो, तो पुरेसा आहे, तीन-साडेतीन इंच उंचीचे मिळतात, पण सीटची पट्टी आणि खालचा पत्रा यातलं अंतर स्वतः मोजा, डब्यावर लिहिलेल्या मापावर जाऊ नका. किकच्या स्पीकरना ८० ते १०० हर्ट्झच्या खालचे स्वर देऊ नका, ते सबकडे. आणि सबचा आवाज इतकाच ठेवा की बंद केल्यावर कळावं, चालू असताना कळू नये.

दोन कॉइलचा एकच ४ बाय १० स्पीकर डॅशमध्ये घालून त्यातूनच डावा-उजवा काढायचा असाही प्रकार आहे. स्वस्त आहे, चालतो, पण मग मूळ रेडिओचा स्पीकर गेला. मला पटत नाही.

अँप किती मोठा घ्यायचा? इथे लोक वॅटच्या मागे लागतात. तुमचा अल्टरनेटर मूळचा असेल तर ३७ किंवा ४२ अँपिअरचा, आणि सिग्नलला उभे असताना तो त्याच्या निम्म्यानेही देत नाही. हेडलाइट आणि मागचे दिवे मिळून दहाएक अँपिअर, हीटरचा पंखा, वायपर, इग्निशन, उरलं काय? ५० वॅटचे चार चॅनल पूर्ण ताकदीने चालले तर १८-२० अँपिअर ओढतील, पण गाणं असं सतत पूर्ण ताकदीने नसतं, सरासरी तिसरा हिस्साही धरा, सहा-सात अँपिअर. एवढं मूळ अल्टरनेटर ओढून नेतो, रात्री हेडलाइट लावून ट्रॅफिकमध्ये मात्र आवाज कमी ठेवा. जास्त हवं असेल तर ७३ पासून जीएमने (शेव्हरोलेटची मूळ कंपनी) या पिकअपना आतच रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) असलेला १०एसआय अल्टरनेटर दिला, ६३ अँपिअरचा मिळतो, मूळ ब्रॅकेटवर बसतो, रेग्युलेटरच्या जागी जोडायची तयार वायर मिळते. मात्र चार्जिंगची वायरही जाड करा, नुसता अल्टरनेटर बदलून जुन्या वायरीतून ६० अँपिअर ढकलू नका.

अँपची पॉवर वायर ८ गेज, सरळ बॅटरीवरून, बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज, आणि फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाताना रबरी ग्रॉमेट, म्हणजे भोकाच्या कडेची रबरी चकती. नवीन भोक नको, हीटर किंवा स्पीडोमीटरच्या केबलच्या शेजारी बहुतेक वेळा जुना न वापरलेला बुच असतो तो शोधा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि तरी फ्यूज अँपच्या शेजारी लावतात. अहो फ्यूज वायर वाचवायला आहे, अँपचा फ्यूज अँपमध्ये आहेच.

ब्लूटूथचा छोटा रिसीव्हर ग्लव्ह बॉक्समध्ये, अँप सीटखाली किंवा डॅशखाली प्रवाशाच्या बाजूला. बाहेरून काहीही दिसत नाही.

आता माझी आवडती युक्ती, आणि तिच्यात मी स्वतः कसा फसलो तेही.

रेडिओचं डावं बटण फिरवलं की टक् होतं आणि रेडिओ चालू होतो. तो स्विच पॉटच्या मागेच असतो. त्या स्विचच्या पलीकडच्या टोकाला, म्हणजे चालू केल्यावरच जिथे १२ व्होल्ट येतात तिथे, एक बारीक वायर सोल्डर करून बाहेर काढायची आणि तिच्यावर एक साधा ऑटोमोटिव्ह रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). रिलेचं कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास ओढतं, जुन्या स्विचला ते जड नाही. कॉइलवर उलटा डायोड लावा, १एन४००७ चालतो, नाहीतर रिले सुटताना जो झटका येतो तो रेडिओत जातो. रिलेच्या दुसऱ्या बाजूने अँपचा रिमोट (अँपला चालू करणारी वायर) आणि ब्लूटूथची पॉवर. झालं! आता जुनं बटण टक् केलं की डायल उजळते, ब्लूटूथ जागा होतो, फोन आपोआप जोडला जातो. बटण त्या टक् च्या जागी तसंच ठेवलं की एएमचा आवाज शून्य आणि अभंग नव्या स्पीकरमधून. शेजारी बसलेला माणूस डायलकडे बघत राहतो की ६५० च्या स्टेशनवर विठ्ठल कुठून आला.

मी हे पहिल्यांदा एका ६८ च्या गाडीत केलं, खूष, मालक खूष, आणि दोन दिवसांनी त्याचा फोन, एएमवर काही ऐकूच येत नाही, नुसती घरघर. डोकं खाजवलं. झालं होतं असं की अँप क्लास-डी. हे अँप लहान असतात, गरम होत नाहीत, करंट कमी खातात, पण आत काहीशे किलोहर्ट्झने स्विच होत असतात आणि तोच एएमचा पट्टा आहे. बटण टक् केलं की अँपही चालू, म्हणजे एएम ऐकायला बसलात तरी शेजारी कुणीतरी मिक्सर लावून बसलंय. स्वस्त यूएसबी चार्जरही तेच करतो, आणि डॅशच्या दिव्यांच्या जागी घातलेले स्वस्त एलईडी बल्बही. म्हणून आता मी रिलेच्या वायरीत एक छोटा टॉगल स्विच टाकतो, अॅश ट्रेच्या आत, भोक न पाडता चिकटपट्टीच्या ब्रॅकेटवर. अॅश ट्रे उघडा, एएम ऐकायचं तर स्विच बंद, अँप झोपला, रेडिओ एकदम शांत. यूएसबी चार्जरही त्याच रिलेवर घ्या. असं स्विचिंग न करणारा क्लास-एबी अँप घेतला तर हा त्रास नाही, पण तो मोठा, तापतो, आणि सीटखाली टाकीपासून चार बोटांवर तापणारी वस्तू मला नको वाटते.

ज्यांना अँप-बिप काहीच नको, त्यांच्यासाठी एक साधा उपाय, मूळ रेडिओतच फोनची वायर देणे. व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या टोकाला मध्ये कपॅसिटर घालून सिग्नल सोडायचा. डावा आणि उजवा चॅनल थेट एकत्र बांधायचे नाहीत, दोन्हींना एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावून मग जोडायचे, नाहीतर फोनचे दोन अँप एकमेकांशी भांडतात. आणि एएमचा सिग्नल तोडायला स्विचवाला जॅक. आवाज एकच, मोनो, ४-५ वॅट, कागदी कोनमधून. पण जुनी रेकॉर्डिंगं मुळातच मोनो आहेत हो, त्यांना तो आवाज शोभतो. मी माझ्या स्वतःच्या गाडीत एवढंच केलंय. तुम्ही हायवेवर जाता म्हणालात म्हणून तुम्हाला वेगळी सिस्टीम सुचवली, सत्तर मैलाच्या वेगात ४ वॅट खिडकीतून उडून जातात.

त्यावरून आठवलं, अँपच्या आधी पैसे पत्र्यावर घाला. या केबिन म्हणजे रिकामा डबा आहे. ब्यूटिल रबराच्या शीट मिळतात, एका बाजूला अॅल्युमिनियम. दरवाज्याच्या आतून, छतावर, फरशीवर. पूर्ण झाकायची गरज नाही, मोठ्या सपाट पत्र्याच्या मधोमध पाव भाग झाकला तरी टणटण जाते. फरशीवर आधी गालिचा काढून गंज बघा, गंजावर चिकटवलंत तर आतल्या आत फरशी खाऊन टाकेल. दरवाज्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात ती बुजवू नका. एका गिऱ्हाईकाने ती प्रेमाने बुजवली होती, दार हलवलं की डबडब वाजायचं.

आता शेवटचं दुखणं, इंजिनचा आवाज स्पीकरमध्ये. कान लावून ओळखायचं. टकटकटक आणि ॲक्सिलरेटरबरोबर वेग वाढतो, ते इग्निशन. शिट्टीसारखा स्वर आणि तोही वर चढतो, ते अल्टरनेटर. इंजिन बंद, चावी चालू, तरीही येतोय, तर पंखा किंवा कुठला तरी चार्जर. नवीन सिस्टीममध्येच शिट्टी येत असेल तर नव्वद टक्के वेळा ग्राउंडचा घोळ असतो. या गाड्यांची केबिन रबरी पॅडवर बसलेली असते, म्हणजे केबिन आणि चेसिस यांच्यात धातूचा संबंध एका विणलेल्या पट्टीने, आणि ती पट्टी इंजिन बदलताना कुणीतरी काढून ठेवलेली असते. इंजिन ते फायरवॉल, इंजिन ते चेसिस, केबिन ते चेसिस, तीन नवीन पट्ट्या टाका, रंग खरवडून. बॉनेटलाही एक टाका, ग्राउंड नसलेलं बॉनेट इग्निशनचा कचरा अँटेनाला वाटत बसतं. ब्लूटूथ आणि अँप यांचं ग्राउंड एकाच स्क्रूवर.

इग्निशनची टकटक एएमवर येत असेल तर प्लगच्या वायरी बघा. दिसायला भारी म्हणून लोक तांब्याच्या गाभ्याच्या वायरी घालतात, त्या रेडिओच्या वैरी आहेत. कार्बनच्या किंवा स्पायरल सप्रेशनवाल्या घाला, प्लग रेझिस्टरवाले. कॉइलवर एक छोटा डबीसारखा कपॅसिटर असतो, तो बॅटरीच्या म्हणजे प्लस टोकाला लावायचा, पॉइंटच्या (डिस्ट्रिब्युटरमधल्या ठिणगीच्या स्विचच्या) टोकाला चुकूनही नाही, तिकडे लावलात तर इंजिन अडखळेल आणि तुम्ही कार्ब्युरेटर खोलत बसाल.

खर्चाचं म्हणाल तर मी माझ्या गिऱ्हाइकांना साधारण असं सांगतो, रेडिओ दुरुस्ती आणि १० ओहमचा स्पीकर मिळून दीड-दोनशे डॉलर, स्वतः केलंत तर पन्नास. पॉड, स्पीकर, अँप, सब, वायरिंग मिळून सहा-सातशे. रबर शीट दोनशे. कुणी बाराशेच्या वर सांगायला लागलं तर तो तुम्हाला न लागणारे वॅट विकतोय.

या शनिवारी काही विकत घेऊ नका. बॅटरीचं मायनस काढा, डॅशखाली झोपा, रेडिओचे प्लग जसे आहेत तसे फोटो काढा. मग स्पीकरचा प्लग सोडवून स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टीमीटर लावा. आठच्या आसपास ओहम दाखवला तर स्पीकर मूळचा किंवा बरोबर जातीचा आहे. साडेतीनच्या जवळ दाखवला तर मधल्या काळात कुणीतरी ४ ओहमचा ठोकलाय आणि तुमची अर्धी खरखर तिथेच आहे, अशा वेळी १० ओहमचा येईपर्यंत रेडिओ चालू करू नका. प्लग परत लावायला विसरू नका, आणि सीट पुढे ओढून टाकी आतच आहे का तेवढं बघून कळवा, पॉवरची वायर कुठून न्यायची ते त्यावर ठरेल.